देवाचं उतरलेलं, माणसाचं उतरलेलं

अनंत चतुर्दशी उलटते, मांडवाचे बांबू सुटायला लागतात आणि लालबागला पुन्हा एकदा माणसं जमतात. या वेळी दर्शनाला नव्हे, बोली लावायला. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ भक्तांनी वाहिलेल्या वस्तूंचा जाहीर लिलाव करतं. सोन्याची बिस्किटं, चांदीचे मोदक, मूषक, छत्रं, हार. एका वर्षी तर चक्क दुचाकीसुद्धा. वस्तू हातात उंच धरून दाखवली जाते, माइकवरून आकडा पुकारला जातो, मागून कुणीतरी तो चढवतो, आणि 'एक वार, दोन वार' होईपर्यंत बाजारभाव केव्हाच मागे पडलेला असतो. हा लिलाव बहुतेक वर्षी पितृपक्षात येतो. एरवी या पंधरवड्यात घरात सुईसुद्धा नवी आणू नये म्हणणारी माणसं इथे भावापेक्षा जास्त पैसे मोजून सोनं घेतात आणि कपाळाला लावून पिशवीत ठेवतात. राजाचं आहे ना, मग पितृपक्ष कसला!

या मंडळाच्या मुळाशीच बाजार आहे. पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद पडला आणि तिथे बसणारे कोळी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली, आणि १९३४ पासून गणपती बसायला लागला. नवसाला पावणारा ही ख्याती तिथून सुरू झाली. तेव्हा लोकांनी वाहिलेलं पुन्हा लोकांना विकायचं आणि त्या पैशातून डायलिसिस केंद्र, पुस्तक पेढी, अभ्यासिका चालवायची, हे या जागेला शोभून दिसतं. २०२० साली करोनामुळे मूर्तीच बसवली नाही, तेव्हा मंडळाने 'आरोग्योत्सव' केला आणि मांडवाच्या जागी रक्तदान आणि प्लाझ्मादान झालं.

आता याच लालबागमधल्या कुठल्याही घरात जा आणि सांगा, 'शेजारच्या काकूंच्या दोन साड्या आहेत, एकदाच नेसलेल्या, विकायच्या आहेत.' ऐकणाऱ्याचा चेहरा बघा. नातेवाइकांतलं लहान मुलाचं झबलं चालतं. ते तर हक्काने मागून घेतात, बाळ दणकट होतं म्हणे. ताईचा फ्रॉक धाकटीला चालतो. पण परक्याच्या अंगावरचं उतरलेलं विकत घ्यायचं? कोल्हापूरच्या अंबाबाईला आलेल्या साड्या देवस्थान समिती विकते आणि बायका त्या हौसेने घेतात, लेकीच्या ओटीत घालतात. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दागिन्यांचा लिलाव होतो, तिथेही तेच. देवाच्या अंगावरून उतरलं की प्रसाद, माणसाच्या अंगावरून उतरलं की जुनेर. जुन्या वस्तू विकून समाजाचं काम चालवणारं, स्वयंसेवकांनी सांभाळलेलं दुकान गिरगाव-दादर-परळच्या पट्ट्यात का दिसत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर बोहारणीकडे आहे.

दुपारी पुरुषमाणसं कामावर, मुलं शाळेत, तेव्हा चाळीच्या गॅलरीत ती यायची. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्याला कपड्यांचं गाठोडं. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी. हा सौदा ज्याने पाहिला त्याला घासाघीस म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. पँट उलटी करून ती बूड तपासणार, उजेडात धरून विरलंय का बघणार, शर्टची कॉलर नखाने खरवडणार. 'बाई, एवढ्या कपड्यांवर डबा नाही येत, वाटी घ्या.' 'वाटी? चार पँटी दिल्यात! पातेलं देत असशील तर ठेव, नाहीतर चाल.' ती उठायची, जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. जरीची साडी निघाली की मात्र तिचे डोळे बदलायचे, कारण खरी जर जाळून तिच्यातली चांदी काढता येते. मूळची गुजरातकडची ही वाघरी समाजाची माणसं. गोळा केलेलं धुऊन, शिवून, बटणं लावून ती पहाटेच्या बाजारात विकतात. जे अगदीच विरलेलं ते गॅरेजमध्ये पुसायला जातं. शुक्रवारी पहाटे कामाठीपुऱ्यात भरणाऱ्या दीड गल्लीच्या बाजारात जुने बूटसुद्धा पॉलिश होऊन उभे राहतात.

म्हणजे आपल्याकडे जुन्या कपड्याला पहिल्यापासून किंमत होती आणि ती घरपोच मिळत होती, तीही भांड्याच्या रूपात. गिरणगावात भांडं म्हणजे नुसतं भांडं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि महिने उलटले तशी कित्येक घरांतली मांडणीवरची पितळ आणि स्टील गहाण पडली, विकली गेली. कपड्यांवर घेतलेलं पातेलंच शेवटी कामाला आलं. असं असताना 'कपडे फुकट द्या, आम्ही ते विकून त्यातून चांगलं काम करू' असं कुणी म्हटलं असतं, तर बायकांनी विचारलं असतं, आणि आम्हाला काय?

युरोप-अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. बॉस्टनला १९०२ साली एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने श्रीमंत वस्तीतून जुने कपडे आणि सामान गोळा करायला घेतलं आणि ते दुरुस्त करायचं काम गरिबांनाच दिलं. त्यातून गुडविल उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये उपासमार झाली, तिथे मदत पोहोचवण्यासाठी १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये जी समिती बसली ती पुढे ऑक्सफॅम झाली. १९४७ साली तिने ब्रॉड स्ट्रीटवर दुकान घेतलं. लोकांनी दिलेल्या वस्तूंचा पाऊस पडला तेव्हा त्या विकायचं ठरलं आणि दुकान कायमचं झालं. आज ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांवर दुकानं आहेत. गल्ल्यावर निवृत्त बायका, मागच्या खोलीत इस्त्री करणारी कॉलेजची मुलं, आणि गिऱ्हाइकांत गरजूही, हौशीही. यात त्यांच्या दानतीचा वाटा आहेच, पण सरकारचाही आहे: अशा दुकानांना स्थानिक करात ८० टक्के सवलत मिळते आणि दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर त्यांना व्हॅट भरावा लागत नाही. दादरला स्टेशनसमोर दहा बाय दहाचा गाळा घेऊन त्यात वीस रुपयांचे शर्ट विकून बघा. पहिल्या महिन्याच्या भाड्यातच समाजसेवा संपेल.

म्हणून मुंबईत ते दुकान झालं नाही. पण दुकानाने जे काम करायचं ते मात्र झालं, आणि ते परळला झालं.

*

परळचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. टाटा मेमोरियल (१९४१), त्याच्या शेजारी केईएम (१९२६), पलीकडे वाडियांची प्रसूतीची आणि मुलांची रुग्णालयं, जवळच हाफकिन संस्था. एवढ्या लहान जागेत एवढे आजारी लोक देशात क्वचितच कुठे जमत असतील. टाटाला येणारा रुग्ण बंगालमधून येतो, बिहारमधून येतो, आसाम-त्रिपुऱ्यातून येतो, आपल्या नांदेड-यवतमाळमधून येतो. आणि तो आठ दिवसांसाठी येत नाही. रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा-सात आठवडे. केमो बहुधा दर एकवीस दिवसांनी, अशा सहा-आठ फेऱ्या. मध्येच रक्तातल्या पेशी घसरल्या तर फेरी पुढे ढकलायची. येताना दोन जोड कपडे आणि एक पिशवी घेऊन आलेलं कुटुंब बघता बघता सहा महिने मुंबईत अडकतं. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे जागा मिळाली तर नशीब. स्वतः अंगावर चिंध्या बाळगून धर्मशाळा बांधणाऱ्या त्या माणसाचं नाव इथे फार योग्य जागी लागलं आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. ही समिती १९६८ पासून काम करते. कॅन्सरग्रस्त मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी २००६ पासून सेंट ज्यूडची घरं आहेत. तरीही जे उरतात ते टाटासमोरच्या फुटपाथवर असतात. निळी ताडपत्री, स्टोव्ह, पाण्याच्या बाटल्या आणि रिपोर्टची फाइल. फाइल मात्र सगळ्यांची प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली.

या फुटपाथवर हरखचंद सावला या माणसाचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं. स्वतःचं चाललेलं हॉटेल भाड्याने देऊन त्यांनी त्या पैशातून रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना जेवण द्यायला सुरुवात केली, ही हकिकत आता बरीच प्रसिद्ध आहे. सुरुवातीला मोजकी माणसं जेवायची, पुढे आकडा शेकड्यांवर गेला. त्यांची जीवन ज्योत कॅन्सर रिलीफ अँड केअर ट्रस्ट ही संस्था परळच्या कोंडाजी चाळीतून चालते. अन्नदान आपल्याला नवं नाही. गल्लोगल्ली भंडारे होतात. सावलांच्या कामात मला जास्त रस आहे तो त्या अन्नाखाली घातलेल्या पायात. त्यातला एक दगड आहे रद्दी.

घरातली जुनी वर्तमानपत्रं संस्थेला द्यायची, संस्था ती विकणार, आलेला पैसा रुग्णांवर खर्च होणार. इतकं साधं. एका घरातून महिन्याला फार तर चार-पाच किलो निघतात. त्याचे पैसे इतके किरकोळ, की देणाऱ्याला दान केल्यासारखं वाटतच नाही आणि म्हणून तो न चुकता देतो. शंभराची नोट काढायला माणूस दोनदा विचार करतो, रद्दीचा गठ्ठा मात्र सुतळी बांधून दाराशी ठेवतो. अशा हजार घरांचे गठ्ठे एकत्र आले, की कुणाच्यातरी औषधाचा खर्च निघतो. आणि रद्दीला 'उतरलेलं'पणाचा डाग लागत नाही. घेणाऱ्याच्या हातात शेवटी पडते ती गरम खिचडी, कागद नव्हे. ज्या समाजाला परक्याचा शर्ट नको असतो, त्याच्याकडून जुन्याचं नवं करून घ्यायचा याहून सरळ रस्ता मला तरी दिसलेला नाही.

अडचण आता वेगळीच आहे. वर्तमानपत्रंच कमी झाली. करोनाच्या टाळेबंदीत अनेक घरांनी पेपर बंद केला तो पुन्हा लावला नाही, आणि जो येतो तो पूर्वीपेक्षा बारीक. मोबाइलवर बातमी वाचली की रद्दी होत नाही. रद्दीवर उभ्या असलेल्या सगळ्याच कामांपुढे हा प्रश्न आहे.

दुसरा दगड उरलेल्या औषधांचा. कॅन्सरच्या रुग्णाचं औषध मध्येच बदलतं, कधी रुग्णच जातो, आणि कपाटात हजारो रुपयांच्या गोळ्या पडून राहतात. घरच्यांना त्या टाकवत नाहीत, बघवतही नाहीत. जीवन ज्योतसारख्या औषध पेढ्या त्या घेतात आणि पुढच्या गरजूपर्यंत पोहोचवतात. ऐकायला सोपं आहे, पण हे काम म्हणजे सबंध दिवस मान खाली घालून केलेली निवड. गोळ्यांची पाकिटं आपण कात्रीने कापून ठेवतो. चार गोळ्या उरतात आणि मुदतीची तारीख कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली असते. तारीख नाही म्हणजे ती गोळी कितीही महाग असो, टाकायची. अर्धी वापरलेली सिरपची बाटली टाकायची. थंड ठेवायचं इंजेक्शन दोन महिने टीव्हीखालच्या खणात होतं, ते टाकायचं. उरलेलं नाव, ताकद, मुदत यांप्रमाणे लावायचं, जाणकार फार्मासिस्टच्या नजरेखालून घालायचं आणि डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. देणाऱ्याने पिशवी दिली की त्याचं पुण्य पूर्ण होतं. खरी सेवा सुरू होते ती पिशवी टेबलावर ओतल्यावर.

खेळण्यांचंही तसंच. ट्रस्टची खेळणी पेढी आहे. आजारी मुलांना त्यातून खेळणी मिळतात. लोक प्रेमाने मोठाली मऊ अस्वलं आणून देतात. पण केमो चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली असते आणि त्या अस्वलाच्या केसांत वर्षानुवर्षांची धूळ असते. तिथे उपयोगाचं काय, तर धुता-पुसता येईल असं प्लास्टिकचं, ठोकळ्यांचं, न उघडलेल्या रंगपेट्यांचं. एक तुकडा हरवलेला जिगसॉ पझल देणाऱ्या पालकांना मला एकच विचारावंसं वाटतं, सलाईन लावलेल्या मुलाने शेवटचा तुकडा कुठे शोधायचा?

*

आता जुन्या वस्तूंचा आणखी एक प्रकार, आणि माझ्या मते या सगळ्यांत अस्सल महाराष्ट्रीय. रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. गिरगावपासून दादरपर्यंत आणि पुढे ठाणे-डोंबिवली-पुण्यापर्यंत कितीतरी संस्था, मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ ही केंद्रं चालवतात. कुणाच्या वडिलांच्या आजारपणात घेतलेली व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठ टेकायचा बॅकरेस्ट, हवेची गादी, वरखाली होणारी फाउलर खाट, ऑक्सिजनचं यंत्र. माणूस बरा होतो किंवा जातो, वस्तू घरात उरते. ती संस्थेकडे येते आणि अनामत रक्कम, नाममात्र भाडं यावर दुसऱ्या घरी जाते. काम झालं की परत, अनामतही परत. बाजारात हीच खाट भाड्याने घ्यायची म्हटली तर मध्यमवर्गीय घराचं महिन्याचं गणित कोलमडतं.

इथे एक गंमत बघा. परक्याची साडी न चालणारी माणसं परक्याची कमोडची खुर्ची मात्र निमूट घेतात. कुणी नाक मुरडत नाही. गरज आहे हे तर झालंच, पण मला वाटतं मुख्य कारण हे की ती वस्तू कुणाची राहतच नाही. आपण दान घेतलं, असं होत नाही. आपण वापरली, भाडं दिलं, परत केली. उद्या त्याच वॉकरवर आणखी कुणी चालेल. घेणारा आणि देणारा दोघेही त्या वस्तूच्या वाटेवरचे प्रवासी. अनामत परत घ्यायला आलेली माणसं कित्येकदा म्हणतात, 'असू द्या, तुमच्याकडेच राहू द्या.' त्यातून केंद्राची पुढची खरेदी होते.

आणि या केंद्रांतली माणसं बघायला हवीत. बँकेतून, महापालिकेतून, बेस्टमधून, एलआयसीतून निवृत्त झालेले. एक जाड वही, पावतीपुस्तक, चाव्यांचा जुडगा आणि पान्यांचा डबा. हो, पाना लागतोच. चाळीच्या जिन्यात फाउलर खाट वळत नाही. खाली खोलायची, तुकडे वर न्यायचे, खोलीत पुन्हा जोडायची आणि हँडल फिरवून दाखवायचं, की हे डोक्याकडचं, हे पायाकडचं. परत आलेल्या वॉकरचे पाय उलटे करून बघायचे, कारण खालची रबरी बुचं झिजलेली असतात आणि गुळगुळीत लादीवर तेच वॉकर माणसाला पाडतं. चार बुचं, किरकोळ किंमत, पण ती न बदलता वॉकर पुढे दिलं तर मांडीचं हाड मोडून तोच रुग्ण केईएममध्ये. हे काम करणाऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत. धनादेश देतानाचे येतात.

या सगळ्या पट्ट्याला अशा कामाची सवय जुनी. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. चिंचपोकळीचा १९२० चा, गणेशगल्लीचा १९२८ चा. वर्गणी गोळा करणं, हिशेब फलकावर लावणं, रात्र जागवून पाळी करणं, ही शिस्त तीन-चार पिढ्यांच्या अंगात मुरली आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेही याच मातीतून. पण माणसं आता पांगली. चाळी पाडल्या, टॉवर आले, कार्यकर्ते विरार-बदलापूरला गेले; गणपतीला लोकल पकडून येतात आणि मांडवात रात्र काढतात. आणि टॉवरच्या फाटकावर वॉचमन बोहारणीला आत सोडत नाही. कपड्यांचा तो जुना, चोख, रोखठोक रस्ता त्या फाटकाशी बंद पडला. आता साड्या, पँटी, चादरी काळ्या पिशवीत भरून कामवाल्या बाईला दिल्या जातात, तिला हव्यात की नकोत हे न विचारता, किंवा सरळ कचऱ्यात जाऊन कांजूरच्या कचराभूमीत पोहोचतात. बोहारीण गेल्याचं दुःख स्मरणरंजनाचं नाही. एक चालती व्यवस्था गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

तसे प्रयत्न झाले. इराणमधल्या मशहदला २०१५ च्या अखेरीस एका भिंतीवर खुंट्या ठोकून 'नको असेल तर ठेवा, हवं असेल तर न्या' असं कुणीतरी लिहिलं आणि ती कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे ती 'माणुसकीची भिंत' झाली. कोल्हापुरात दिवाळीच्या तोंडावर तिला मोठा प्रतिसाद मिळाला. जिथे कार्यकर्ते उभे राहून निवड करत होते, घड्या घालत होते, तिथे ती चालली. जिथे भिंत रंगवून, फोटो काढून मंडळी घरी गेली, तिथे पावसाळ्यात ओल्या चिंध्यांचा ढीग उरला. भिंतीला माणुसकी नसते, ती शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला असते.

या बाबतीत सगळ्यांत खोल विचार केला तो अंशू गुप्ता यांनी. १९९९ साली दिल्लीत स्वतःच्या घरातले ६७ कपडे घेऊन त्यांनी गूंज सुरू केली. २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा आग्रह असा की गावाने काम करायचं, विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा, आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. भीक म्हणून नव्हे. त्यांच्या केंद्रांवर सुती कपड्यांचे कापून सॅनिटरी पॅड होतात, सुट्या सलवारीला जुळणारी कमीज शोधली जाते, नाडी नसेल तर घातली जाते. नाडी! लेंगा देताना नाडी काढून ठेवणारी माणसं आपल्यात आहेत, आणि ती वाईट नाहीत. त्यांनी फक्त घेणाऱ्याचा विचार नाडीपर्यंत नेलेला नसतो.

या सगळ्याचा मेळ घातला तर मला परळला एक दुकान हवं आहे. खरोखरचं दुकान, किंमत लावलेलं. सहा महिने अडकलेल्या कुटुंबाला काय लागतं? दोन पातेली, कुकर, चादर, रेडिएशनने भाजलेल्या कातडीला खुपणार नाही असा जुना, मऊ, सुती सदरा, केस गेलेल्या डोक्याला बांधायला सुती ओढणी, पावसाळ्यात छत्री, थंडीत परत जाताना स्वेटर. यातलं काहीही नवं असायची गरज नाही. जुनं सुती तर नव्याहून बरं. दहा-वीस रुपयांना विकावं आणि गावी जाताना भांडी निम्म्या किमतीला परत घ्यावीत. फुकट देऊ नये. फुकट घेणारा निवड करत नाही, मिळेल ते घेतो; पैसे मोजणारी बाई बोहारणीसारखी कापड उजेडात धरून बघते, 'हे नको, ते दाखवा' म्हणते. तो हक्क सहा महिने रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला फार दिवसांनी मिळालेला असतो.

भाड्याचं काय, आणि उतरलेलं कोण घेणार, हे दोन्ही प्रश्न मला लालबागला सुटताना दिसतात. गणेशोत्सव मंडळांकडे कार्यालयं आहेत, त्यातली बरीच एरवी दुपारी कुलपात असतात. मंडळांकडे हिशेबाची सवय आहे, पाळ्या लावायची सवय आहे, आणि लोकांचा विश्वास आहे. मुख्य म्हणजे मंडळांकडे नाव आहे. ज्या नावाने वाहिलेलं सोनं पितृपक्षात भावाहून जास्त किमतीला जातं, त्याच नावाच्या पाटीखाली धुतलेली, इस्त्री केलेली चादर ठेवली तर तिला कुणी जुनेर म्हणणार नाही. देवाच्या हातून गेलेल्या वस्तूचा डाग जातो, हे या वस्तीने स्वतःच सिद्ध केलं आहे. मग चादरीलाच वेगळा न्याय का? पुस्तक पेढी चालवणारी मंडळं आहेत, रुग्णांना मदत करणारी आहेत. एक कपाट, दोन रॅक आणि आठवड्यातल्या तीन दुपारी एवढ्यावर हे सुरू होऊ शकतं. उत्सवाच्या एका दिवसाच्या रोषणाईहून त्याला जास्त खर्च येऊ नये.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळीची साफसफाई बहुधा उरकलेली असेल आणि माळ्यावरून काढलेल्या पिशव्या अजून दाराशी असतील. त्या उचलून कुठे नेण्याआधी एकदा उघडा. विटलेलं, फाटलेलं बाजूला काढा, ते पुसायला ठेवा. बाकीचं धुवा, बटण लावा, नाडी घाला. औषधांची मुदत वाचा आणि यापुढे पाकीट तारखेच्या बाजूने कापू नका. वॉकर किंवा खाट असेल तर जवळच्या साहित्य केंद्राला आधी फोन करा, त्यांच्याकडे जागा आहे का विचारा. आणि आठवड्यातली एक दुपार मोकळी असेल तर वस्तूंपेक्षा ती द्या; निवडायला माणसं सगळीकडेच कमी आहेत. तुमच्या मंडळाची वार्षिक सभा आता तुळशीच्या लग्नानंतर लागेल. पुढच्या वर्षीच्या मूर्तीची उंची ठरवायच्या आधी हा विषय पत्रिकेवर घ्यायला सांगा.